बाबांचं जुनं सिको डायव्हर: दुकानदार म्हणतो मशीन गेलं. खरंच गेलंय का?

मीनल_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मला घड्याळांतलं काडीचं कळत नाही, आधीच सांगून ठेवते.

बाबा मर्चंट नेव्हीत फिटर होते. त्यांनी दुबईला देराच्या बाजारात घेतलेलं सिकोचं एक काळं घड्याळ आहे. मागच्या झाकणावर लाटेचं चित्र, तबकडीवर 'ऑटोमॅटिक' आणि त्याखाली 'डायव्हर्स २०० एम'. नेटवर बघून कळलं की याला एसकेएक्स००७ म्हणतात. बाबा निवृत्त झाल्यापासून ते कपाटात, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांशेजारी पडून होतं. मी मागितलं तर म्हणाले, "ने. माझ्या मोबाईलमध्ये वेळ दिसते."

हातात घातल्यावर ते आपणहून चालू झालं. मला इतका आनंद झाला की शाळेत दोघी-तिघींना दाखवलं. (एकीचा प्रतिसाद : "अगं, हे पुरुषाचं आहे.") पण मग एकेक शंका यायला लागल्या, म्हणून एका दुकानात घेऊन गेले. त्या गृहस्थांनी दोन मिनिटं खालीवर केलं आणि म्हणाले, मशीन गेलंय, याचे पार्ट मिळत नाहीत, सेलचं मशीन टाकून देतो, रोजची कटकट नको. ठेवून जायला सांगत होते. मी 'घरी विचारते' म्हणून परत घेऊन आले.

त्यांनी दाखवलेले आणि मला दिसलेले दोष असे. चावी कितीही फिरवली तरी आत काही भरल्यासारखं लागत नाही, नुसती फिरते. वेळ लावायला चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, पळतच राहतो. बाहेरचं आकड्यांचं कडं एकाच बाजूला फिरतं, दुसऱ्या बाजूला अडकलंय. चावी तीनच्या समोर नसून चारकडे सरकलेली आहे (दुकानदार म्हणाले, केस, म्हणजे बाहेरची डबी, बदललेली दिसते). आणि कधीकधी वार अरबीत दिसतो!

शिवाय रबरी पट्ट्यावर 'एन. डी. लिमिट्स' म्हणून आकड्यांचा तक्ता कोरलाय, तो कसला? पट्टा आता पापडासारखा कडक झालाय, एका भोकापाशी चिरलाही आहे.

डिसेंबरात आम्ही शाळेतल्या पाचजणी तारकर्लीला स्कूबा करायला जाणार आहोत. हे घालून पाण्यात जाता आलं असतं तर मजा आली असती. की सेलचं मशीन टाकून गप्प बसू?

---

तिसरा_इंजिनियर

सेलचं मशीन टाकू नका! आधी हे वाक्य वाचा, मग बाकीचा प्रतिसाद.

मीनलताई, तुम्ही लिहिलेल्यांपैकी एकही दोष नाही. पाचच्या पाच गोष्टी ते घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हापासून तशाच आहेत. माझ्याकडे त्याचंच जुळं भावंड आहे. तेही देरातलंच. त्या काळी बोट दुबईला लागली की निम्मी इंजिन रूम तिथे सोनं, सुटकेस आणि सिको घेत फिरायची. तुमचे बाबा आणि मी एकाच दुकानात घासाघीस केलेली असायची शक्यता नाकारता येत नाही.

आधी चावी. यातलं मशीन ७एस२६. त्याला चावी देताच येत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही. आत एक अर्धगोल वजन आहे, रोटर. हात हलला की ते गरगरतं आणि स्प्रिंग भरतं. गंमत अशी की ते डावीकडे फिरलं तरी भरतं आणि उजवीकडे फिरलं तरी भरतं, आणि त्यासाठी गिअरचं लटांबर नाही. एक दोन पायांची छोटी पट्टी आहे. तिचा एक पाय दातेरी चाकाला ढकलतो, दुसरा ओढतो. रोटर कुठेही फिरो, चाक पुढेच जातं. सिकोने हे १९५९ मध्ये काढलं, 'मॅजिक लिव्हर' म्हणतात. मी आयुष्यभर पंप आणि प्युरिफायर उघडले आहेत, पण इतक्या कमी भागांत इतकं काम करून घेणारी यंत्रणा फार थोडी पाहिली. कमी भाग म्हणजे बिघडायला कमी जागा. या घड्याळाचं सगळं मर्म इथे आहे.

बंद पडलेलं असेल तर आडवं धरून पंधरा-वीस हेलकावे द्यायचे, मग मनगटावर. दिवसभर घातलं की चाळीसेक तासांची बेगमी होते.

सेकंदकाटा थांबत नाही, कारण तो थांबवायची तरफच या मशीनमध्ये नाही. खर्च वाचवला, दुसरं काय. अगदी सेकंद जुळवायचा असेल तर वेळ लावायच्या जागेवर चावी किंचित उलट दिशेने फिरवून धरा, काटा अडखळतो. पण कशाला? हे घड्याळ दिवसाला वीस-पंचवीस सेकंद पुढेमागे जाणारच. सेकंदाचा हिशोब ठेवणारी माणसं हे घड्याळ घेत नाहीत.

चावी चारकडे आहे ती हाताच्या पाठीत रुतू नये म्हणून. स्पॅनर मारताना मनगट मागे वळतं तेव्हा तीनवरची चावी किती बोचते ते तुमच्या बाबांना विचारा. आणि ती आट्यांची आहे. तुम्ही 'नुसती फिरते' म्हणता तेव्हा बहुतेक ती उघडून मोकळी झालेली असते. किंचित आत दाबून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, आटे धरतील, हलकेच घट्ट होईल. पकड वगैरे लावू नका. ती उघडी राहिली तर २०० मीटर विसरा, धुण्याच्या बादलीतही पाणी आत जाईल.

कडं एकाच बाजूला, काट्यांच्या उलट दिशेने फिरतं, आणि फेरीला १२० टिचक्या. पाण्यात शिरताना त्याचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती मिनिटं गेली ते थेट वाचता येतं. समजा कुठे आपटून ते सरकलं, तर एकाच बाजूला सरकणार, म्हणजे गेलेला वेळ खऱ्यापेक्षा जास्तच दाखवणार. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. तुमच्या दुकानदारांना जे अडकलेलं वाटलं त्याच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

आता अरबी वार. हे माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे. वाराच्या चकतीवर प्रत्येक वार दोनदा छापलेला असतो, एकदा इंग्रजीत, एकदा अरबीत, कारण आखाती बाजारासाठीचा माल. तुम्ही इंग्रजी लावलंत की मध्यरात्री चकती आधी अरबीवर जाते आणि पहाटेपर्यंत सरकत सरकत इंग्रजीवर येते. सकाळी उठणाऱ्याला पत्ताच लागत नाही. माझी वॉच, म्हणजे बोटीवरची पाळी, रात्री बारा ते चार. त्यामुळे मी वर्षानुवर्षं घड्याळात अरबी वारच पाहिला. पहिल्या ट्रिपला वाटलं होतं की घड्याळ माझ्यासारखंच झोपेला आलंय. तुम्ही रात्री पेपर तपासत बसत असाल तर तुम्हालाही दिसणार. मात्र रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात वार-तारीख हाताने बदलू नका. तेव्हा चाकं एकमेकांत अडकलेली असतात, दाते मोडतील.

टिकाऊपणाबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. एकदा ते माझ्या हातातून पट्ट्याची पिन निघून बिल्जमध्ये पडलं. बिल्ज म्हणजे इंजिन रूमच्या तळाची घाण : तेल, समुद्राचं पाणी, गंज, काय नाही ते. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी प्लेटा उचलल्या तेव्हा सापडलं. चालू होतं. डिझेलने पुसलं, साबणाने धुतलं, घातलं. काचेवर एक ओरखडा आला तो आजही आहे. ती काच सिकोची हार्डलेक्स, सफायर काचेपेक्षा लवकर ओरखडते, पण तितक्या सहज फुटत नाही. मला ओरखडा चालतो.

आणि २०० मीटरपैकी मी किती वापरले? अडीच. कल्याणच्या तरणतलावात. कडं मात्र रोज वापरतो. सध्या अंडी उकडायला.

---

नवीन_घ्या_हो

एवढा खटाटोप कशाला? सिकोचंच नवीन फाइव्ह स्पोर्ट्स घ्या. दिसायला डिट्टो, चावी देता येते, सेकंदकाटाही थांबतो. जुन्यात भावना सोडून काय आहे?

---

तिसरा_इंजिनियर

दिसायला डिट्टो, बरोबर. पण २०१९ मध्ये एसकेएक्स बंद करून त्या चेहऱ्याचं जे आणलं ते १०० मीटरचं आहे, चावीला आटे नाहीत, आणि तबकडीवर 'डायव्हर्स' हा शब्द नाही. तो शब्द उगाच लिहिता येत नाही, त्याला आयएसओ ६४२५ या डायव्हिंग घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचण्या पास कराव्या लागतात. ऑफिसला घालायला नवीन उत्तमच आहे, मीही मुलाला तेच घेऊन दिलं. पण ताईंना पाण्यात जायचंय.

---

तेलाचा_थेंब

आमचं सांगलीला वडिलांपासून घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. इंजिनियरसाहेबांनी छान लिहिलंय. फक्त एक गोष्ट राहिली आणि तीच महत्त्वाची आहे, म्हणून लिहितो.

मशीन बरं आहे म्हणजे घड्याळ पाण्यात न्यायला तयार आहे असं नाही. पाणी अडवतात ती रबराची वॉशर. एक मागच्या झाकणाला, एक चावीच्या आत, एक काचेला. तुमचा पट्टा पापड झालाय म्हणता ना? मग आतलं रबरही त्याच वयाचं आहे. स्टीलला काही होत नाही, रबर म्हातारं होतं. २०० मीटर हा आकडा नव्या घड्याळाचा आहे. पंचवीस वर्षांनी त्याचा काही अर्थ उरत नाही.

तेव्हा तिन्ही वॉशर बदलून, सिलिकॉन ग्रीस लावून, प्रेशर टेस्ट करून घ्या. टेस्टचं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याचकडे द्या. नसेल तर 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ओलावा शिरलाय का हे बघायची एक साधी रीत आहे, ती आयएसओच्या चाचणीतही आहे. घड्याळ चाळीसेक अंशांपर्यंत कोमट करायचं (मी दिव्याखाली ठेवतो), मग काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटाभराने पुसायचा. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर आत दमटपणा आहे. पण लक्षात घ्या, याने आत आधीच असलेलं पाणी कळतं. पुढे येणारं कळत नाही.

मशीनचं म्हणाल तर धुऊन तेल घालायला हवंच. इतकी वर्षं पडून तेल सुकलेलं असणार. चालतंय म्हणून कोरडं चालवू नका, चाकांचे आस झिजतात. एकदम मिनिटांच्या हिशोबात पुढे पळायला लागलं तर बहुधा चुंबक लागलेलं असतं. ते दहा सेकंदांचं काम आहे, त्यासाठी कुणी मशीन खोलायला मागितलं तर देऊ नका.

पार्ट मिळत नाहीत हे तर अजिबात खरं नाही. ७एस२६ इतकं विकलं गेलंय की जुन्या सिको फाइव्हमधूनही सुटे भाग काढता येतात. अगदीच गेलं तर सिकोचंच एनएच३६ हे मशीन त्या जागी बसतं, त्याला चावीही देता येते. फक्त चावी चारकडे असल्यामुळे वार-तारखेच्या चकत्या जुन्याच ठेवायच्या, नाहीतर खिडकीत आकडा तिरका येतो. हे माहीत नसलेले कारागीर नंतर 'तारीख अशीच असते' म्हणतात. (आमच्याकडेच आलेलं उदाहरण आहे.) अरबी वार हवा असेल तर तसंही जुनीच चकती लागेल.

घड्याळ कधी बनलं ते बघायचं असेल तर मागच्या झाकणावरचा सहा आकडी नंबर बघा. पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. दुसरा महिना : एक ते नऊ आकड्यात, ऑक्टोबरला शून्य किंवा ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी.

---

खोल_पाणी

मालवणात स्कूबा शिकवतो. ताई, घड्याळ घेऊन बिनधास्त येवा, पण वर सांगितल्याप्रमाणे टेस्ट करूनच.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही दोन-तीन पुरुष, म्हणजे माणसाच्या दोन-तीन उंचीइतक्या, पाण्याच्या पलीकडे नेत नाही. सर्टिफिकेट असलेल्या नवशिक्यालाही १८ मीटर, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. २०० मीटरला हौशी माणूस जात नाही, फक्त घड्याळ जातं. तो आकडा म्हणजे दाब सोसायची ताकद. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे २०० ला वीस. आयएसओच्या चाचणीत त्याच्याही सव्वापट दाब देतात.

पट्ट्यावरचा तक्ता म्हणजे 'नो डीकॉम्प्रेशन लिमिट्स'. अमुक खोलीवर किती मिनिटं राहिलात तर वर येताना वाटेत न थांबता थेट येता येईल, त्याचे आकडे. खोल पाण्यात दाबाने नायट्रोजन रक्तात विरघळतो. हद्दीपेक्षा जास्त वेळ राहून घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. पूर्वी डायव्हरकडे घड्याळ, खोलीमापक आणि असा तक्ता एवढंच असायचं, आणि घड्याळ बंद पडलं तर हिशोबच संपला. म्हणून ही घड्याळं इतकी दणकट आणि अंधारात कंदिलासारखी चमकणारी केली. आता मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो, तो सगळं गणित दर सेकंदाला करतो. त्या तक्त्यावर आज विसंबू नका, पण पट्टा टाकूनही देऊ नका. असे आता फारसे बघायला मिळत नाहीत.

मीही एक साधं डायव्हर घालतो. कॉम्प्युटरची बॅटरी गेली तर हाताशी असावं म्हणून, आणि वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो ती मोजायला. कॉम्प्युटरही ती मोजतो, पण त्या तीन मिनिटांत दुसरं करायला काहीच नसतं. काटा बघत राहिलं की बरं वाटतं.

एक व्यवहाराचं : बाहेर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि कडं पाण्यातच दोन-तीन फेऱ्या फिरवा. आमच्या किनाऱ्याची बारीक वाळू त्याच्याखाली शिरली की मग खरंच अडकतं. नवा पट्टा घेताना २२ मिलिमीटरचा घ्या, तो सगळीकडे मिळतो.

---

मीनल_रत्नागिरी

सगळ्यांचे किती आभार मानू! काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बिल्जचं ऐकून म्हणाले, "एका रात्रीचं काय कौतुक, माझं तीन महिने ग्रीसमध्येच होतं." देरातलं दुकान मात्र तुमचं वेगळं असणार, कारण बाबांच्या मते त्यांनी घासाघीस केलेलीच नाही. आई म्हणते साफ खोटं.

तर प्रगती अशी. कोल्हापूरला मामाकडे गेले होते, तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे प्रेशर टेस्टचं यंत्र आहे. वॉशर बदलली, मशीन धुऊन तेल घातलं, सगळे मिळून २४०० घेतले. त्यांनी झाकण उघडून मला तो मॅजिक लिव्हर भिंगातून दाखवला. दोन पायांची पट्टी म्हणजे काय ते वाचून कळलं नव्हतं, बघितल्यावर लगेच कळलं. खेकड्याच्या नांग्यांसारखं चाललेलं असतं आत. पुढच्या वर्षी आठवीला तरफ शिकवताना घड्याळच उघडून दाखवावं असं मनात येऊन गेलं, पण उघडलं की परत टेस्ट करावी लागते म्हणे.

टेस्टमध्ये पास झालं. दिवसाला अठरा सेकंद पुढे जातं. परवा पेपर तपासताना रात्री दीड वाजता अरबी वार दिसला आणि एकटीच हसले.

त्या दुकानात परत गेले नाही. जायची खूप इच्छा झाली होती, कबूल करते.

जुना पट्टा काढून ठेवलाय, नवा काळा रबरी घेतला. मनगट बारीक असल्याने एक भोक पाडून घ्यावं लागलं. शाळेतली ती मैत्रीण आता विचारते की असं बायकांच्या मापाचं मिळतं का. याचंच छोटं भावंड एसकेएक्स०१३ म्हणून होतं असं वाचलं, पण तेही बंद झालंय ना? कुणाकडे विकायला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि घरी नवा वाद सुरू झालाय. तेलाचा_थेंब, तुमच्यामुळे. झाकणावरचा नंबर ९ आणि एन ने सुरू होतो. म्हणजे लवकरात लवकर नोव्हेंबर १९९९. बाबा इतकी वर्षं सांगत आलेत की दादाच्या मुंजीत, मे १९९८ ला, हे घड्याळ त्यांच्या हातात होतं आणि भटजींनी त्यात मुहूर्त पाहिला. आईने अल्बम काढला. फोटोत बाबांच्या हातात एचएमटी आहे. बाबांचं म्हणणं, फोटो काढताना घड्याळ बदललं असेल.